वयाचा रकाना

आमच्या फॉर्मवर पहिला रकाना नावाचा आणि दुसरा वयाचा. नाव लगेच मिळतं, वयापाशी घोडं अडतं. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं, की तो शेजारी बसलेल्याकडे बघतो, शेजारचा आशाताईकडे बघतो आणि आशाताई माझ्याकडे. मग कुणीतरी आत जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतलं आधार कार्ड आणतं. त्यावर जन्मतारीख एक जानेवारी. पुढच्या घरी जावं, तिथेही एक जानेवारी. देशातलं पहिलं आधार आमच्याच जिल्ह्यात, टेंभलीला, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. त्याचं कौतुक आम्हालाही आहेच. पण कार्डं बघत गेलं, तर सातपुड्यातली एक अख्खी पिढी एकाच दिवशी जन्माला आली असं वाटावं.

म्हणून वय आम्ही प्रसंगांवरून काढतो. ही युक्ती जनगणनेवाल्यांची, जुनीच आहे. बहात्तरचा दुष्काळ हा आमचा मोठा खुंटा. खडी फोडायला गेला होतात का? लाल मिलो खाल्ल्याचं आठवतं का? तेव्हा लग्न झालं होतं? कडेवर मूल होतं? खाली सपाटीला, शहादा-तळोद्याकडे, अंबरसिंग महाराजांचं नाव काढलं की म्हातारे सरसावून बसतात. सत्तरच्या दशकात त्यांच्या जमिनीच्या मोर्चांना गेलो होतो म्हणणारा माणूस आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढेच असणार. नर्मदेकाठच्या माणसांना धरणाचं पाणी गावात चढलं तेव्हा थोरला मुलगा केवढा होता, ते विचारायचं. असं करत करत पाच वर्षं इकडे-तिकडे धरून एक आकडा पडतो. एकेका वयासाठी कधी कधी अर्धा तास जातो, आणि मागे उभ्या असलेल्या नव्या सहकाऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, की कार्डावरचं लिहून मोकळं व्हायला काय हरकत होती?

हरकत आहे. कॅन्सरच्या सरकारी तपासणीचा वयोगट ३० ते ६५. तोंड, स्तन, गर्भाशयाचं मुख, सगळं त्यात. सत्तरी ओलांडली की ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड निघतं. मधली चार-पाच वर्षं कागदावर ज्याच्या वाट्याला आली, तो तपासणीच्या वयोगटात नाही आणि नव्या कार्डातही नाही. महात्मा फुले योजना त्याच्यासाठी असते, नाही असं नाही. पण ती आजार सापडल्यानंतर. आजार शोधायला त्याच्या दारात कुणी जायचं, हा प्रश्न राहतोच. अंदाजाने लिहिलेला एक आकडा माणसाला या बाजूला टाकतो किंवा त्या.

मी समाजकार्याचं शिकले आणि एका विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्पात क्षेत्र-संशोधक म्हणून लागले. विषय होता म्हातारपण आणि कॅन्सर: वय झालेल्या माणसाला कॅन्सर निघाला तर कोणते उपचार त्याला झेपतील, हे आधी कसं ओळखायचं. नंदुरबारचं नाव निघालं की लोकांना कुपोषण आठवतं, सिकलसेल आठवतो, बाळंतपणातले मृत्यू आठवतात. आठवायलाच हवेत. पण त्यामुळे जिल्हा म्हणजे जणू लहान मुलं आणि त्यांच्या आयाच, असं सगळ्यांचं मत झालंय. इथे म्हातारी माणसं आहेत आणि ती वाढत जाणार आहेत, हे बैठकीत सांगितलं की लोक विनयाने मान हलवतात. देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून जास्त भारतीयांची पाहणी केली, 'लासी' म्हणतात तिला. तेव्हापासून म्हातारपणावर निदान आकड्यांनिशी बोलता येतं. पण आकडा देशाचा आणि पाडा धडगावचा, हे अंतर कुणीतरी पायी कापावंच लागतं.

आमच्या पिशवीत जी मोजपट्टी होती, तिचं नाव जी-८. फ्रान्समध्ये बोर्दोच्या संशोधकांनी तयार केलेली. आठ प्रश्न, सतरा गुण. चौदा किंवा त्याहून कमी पडले तर माणूस नाजूक असू शकतो, त्याची सविस्तर तपासणी केल्याशिवाय केमो ठरवू नये. मोजपट्टी चांगली आहे. नुसतं वय बघून 'आता या वयात कशाला' म्हणणाऱ्या डॉक्टरापेक्षा आणि वय न बघता तरुणाचा डोस देणाऱ्या डॉक्टरापेक्षा आठ प्रश्न विचारणारा डॉक्टर कधीही बरा. प्रश्न उभा राहिला तो एका आजीपाशी.

दिवाळी होऊन गेली होती. मुलगा आणि सून ऊसतोडीला गुजरातेत. घरात आजी, तीन नातवंडं आणि शेळ्या. तंबाखू-चुन्याची सवय लहानपणापासूनची. आमच्याबरोबर उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी होत्या. त्यांनी आजीला ओट्यावर उजेडाकडे तोंड करून बसवलं, चूळ भरायला लावली आणि टॉर्च लावला. डाव्या गालाच्या आत, जिथे तंबाखूची गोळी ठेवायची तिथे, पांढरा चट्टा होता, आणि त्याच्या कडेला उचललेली, हात लावला की रक्त येणारी जखम. मग त्यांनी आजीचीच बोटं उभी करून तिच्या दातांमध्ये घालायला सांगितली. तीन जायला हवीत. दोन गेली, तिसरं अडलं. चुन्याने भाजलंय, आजीने सांगितलं, आशाताईने पावरीतून मराठीत आणलं. भाकर दुधात कुस्करून खातेय दिवाळीच्या आधीपासून.

हे झाल्यावर मी फॉर्म काढला. जेवण कमी झालंय का? थोडं, एक गुण. तीन महिन्यांत वजन किती उतरलं? वजन करतंय कोण! 'माहीत नाही'ला एक गुण असतो, तो दिला. हिंडतं-फिरतं? दोन गुण. आठवण, मन? दोन. तीनपेक्षा जास्त औषधं रोज घेतं का? नाही, एकही नाही. पूर्ण एक गुण. आता रोज औषधं नसणं हे बोर्दोमध्ये ठणठणीतपणाचं लक्षण असेल. इथे रक्तदाब कुणी कधी मोजलाच नाही, तर गोळी कुठून येणार? मग उंची-वजन. चौतीस किलो. उंचीशी भागाकार केला तर पंधरा-साडेपंधरा. एकोणिसाच्या खाली शून्य. तुमच्या वयाच्या इतरांच्या मानाने तब्येत कशी वाटते, यावर आजी हसली आणि म्हणाली, "माझ्या जोडीच्या सगळ्या मेल्या. मी आहे." मी 'इतरांपेक्षा चांगली'वर खूण केली, दोन गुण. वय ऐंशीच्या आत, दोन गुण. बेरीज अकरा.

अकरा म्हणजे नाजूक. बेरीज होईपर्यंत आजी उठून खालच्या झऱ्यावर गेली आणि डोक्यावर हंडा, कडेवर कळशी घेऊन चढण चढून वर आली. दम लागला नव्हता.

आता यात फसवी बाजूही आहे, ती सांगायला हवी. चौतीस किलोचं शरीर डोंगर चढतं म्हणून ते सिस्प्लॅटिनसारखं केमोचं औषध पेलेल, असं अजिबात नाही. रक्त कमी, प्रथिनं कमी, तोंडातून अन्न जाणं कमी होणार. अशा शरीराला केमोचा एक फेरा पार झोपवू शकतो. तेव्हा अकरा हा आकडा चूक होता असं मला म्हणता येत नाही. तो बरोबर असला तरी वेगळ्याच कारणाने बरोबर होता. बोर्दोची म्हातारी आजाराने वाळलेली असते. ही जन्मभर अर्धपोटी राहून काटक झालेली. दोघींना एकच शून्य.

खुर्चीची गंमत आणखी वेगळी. दुसरी एक चाचणी असते: हाताच्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि सेकंद मोजायचे. पाड्यावर खुर्ची आणायची कुठून? अंगणवाडीतली मुलांची, शाळेतली गुरुजींची. गुरुजींची खुर्ची पाहिली की म्हातारे तिच्या कडेवर टेकतात, पूर्ण बसतच नाहीत. 'उठा' म्हटलं तर आधी इकडे-तिकडे बघतात, मग उठतात, आणि तेवढ्यात दोन सेकंद गेलेले असतात. तीच माणसं चुलीपुढे उकिडवी बसलेली असताना हात न टेकता सरळ उभी राहतात, आणि ते माझ्या गुडघ्यांना जमत नाही. घड्याळ काढायला सांगणारी स्मरणशक्तीची चाचणी तर आम्ही पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवली. ज्याने कधी पेन्सिल धरली नाही त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला, की तो परीक्षेला बसल्यासारखा घाबरतो.

यावर उपाय आपल्याच देशात निघालेला आहे, हे मला प्रकल्पातल्या मॅडमनी दाखवलं. हरियाणातल्या बल्लभगडला नव्वदच्या दशकात न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी स्मरणशक्तीची चाचणी मुळापासून बदलून घेतली होती. मूळ इंग्रजी चाचणीत 'डोळे मिटा' असं लिहिलेलं वाचून तसं करायचं असतं. त्यांनी केलं, की माझ्याकडे बघा आणि मी करतो तसं करा. 'एक वाक्य लिहा'च्या जागी 'तुमच्या घराबद्दल काही सांगा.' मला हे वाचून फार बरं वाटलं. घराबद्दल सांगायला लावलं तर आमचे बाबा थांबणारच नाहीत, कूड कधी लिंपलं तिथपासून सुरुवात.

शेवटचा भाग फॉर्मचा असतो आधाराचा. तुमची काळजी कोण घेतं? मुलगा, सून, मुलगी, जोडीदार, इतर, कुणी नाही. आजीला हा प्रश्न आशाताईने दोनदा समजावला. आजीने कोपऱ्यात झोपलेल्या धाकट्या नातवाकडे बोट केलं आणि उलट मला विचारलं, की मी तोंडाच्या इलाजाला मुंबईला गेले तर याला कोण बघेल? फॉर्ममध्ये काळजी घेणारा वेगळा आणि म्हातारा वेगळा. होळीपर्यंत निम्मा पाडा उसाच्या फडावर असतो. मागे राहतात लहान मुलं, म्हातारी माणसं आणि जनावरं, आणि या सगळ्यांची काळजी घेणारी व्यक्ती म्हणजे तीच, जिला आम्ही 'नाजूक' म्हणून अकरा गुण दिलेत. मी 'इतर'वर खूण करून शेजारी लिहिलं: ही स्वतःच तीन मुलं सांभाळते.

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की बहुतेकदा रेडिएशन: आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. धडगावहून शहादा, शहाद्याहून नंदुरबार, तिथून गाडीने सुरतमार्गे मुंबई. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये दिवस काढायचे आणि रात्री दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. बरोबर एक धडधाकट माणूस हवा, ज्याला थोडं हिंदी येतं आणि ज्याने उसाच्या मुकादमाकडून उचल घेतलेली नाही. असा माणूस पाड्यावर शोधणं हे गाठ शोधण्यापेक्षा अवघड आहे. माझ्या मते उपचार झेपतील की नाही याचं निम्मं उत्तर म्हाताऱ्याच्या शरीरात नसतं, ते त्याच्याबरोबर गाडीत कोण बसणार यात असतं.

याच कारणाने मला महाराष्ट्रातल्या काही संशोधनांबद्दल मनापासून आदर आहे. त्यांनी सुरुवात माणसाच्या दारातून केली. १९८७ साली बार्शीला खेड्यांसाठीची देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली. हॉस्पिटलच्या वहीत जेवढे पेशंट येतील तेवढेच मोजायचे ठरवलं असतं तर नोंदणी कधीच पुरी झाली नसती. त्यांची माणसं बार्शी, परांडा, भूमच्या गावागावांत जाऊन लक्षणं सांगत, विचारपूस करत, संशयितांना तपासायला आणत. मोजण्यासाठी गेलेल्या माणसांच्या बोलण्यामुळेच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यावर हॉस्पिटलात येऊ लागल्या, असं त्यांच्या लक्षात आलं. याच पायावर पुढे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठी चाचणी झाली. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाने तिथून शिकून घेतलं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या लोकांनी तयार केलेल्या आरोग्य सेविकांनी हाताने स्तन तपासले. वीस वर्षांनी, २०२१ साली निकाल आला. सगळ्या वयांत मिळून फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता, पण पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले. वय झालेल्या बाईला हाताच्या तपासणीचा उपयोग जास्त, ही गोष्ट आमच्या जिल्ह्याला मॅमोग्राफीच्या मशीनपेक्षा कितीतरी जवळची आहे.

मात्र या सगळ्या अभ्यासांना वरून टोपी आहेच. उस्मानाबादला ५९पर्यंत, मुंबईला ६४पर्यंत. औषधांच्या चाचण्यांत तर जगभर म्हातारे कमी घेतले जातात, कारण त्यांना दहा दुखणी असतात आणि निकाल गढूळ होतो. म्हणजे ज्या वयात कॅन्सर सगळ्यात जास्त होतो, त्या वयाबद्दलच आपल्याला सगळ्यात कमी माहिती. टाटा हॉस्पिटलने २०१८ साली म्हाताऱ्या पेशंटांसाठी वेगळी ओपीडी सुरू केली. तिथे औषधं, पोषण, चाल, स्मरण, घरची परिस्थिती सगळं बघून मग उपचार ठरवतात. आमच्या प्रकल्पाची बरीचशी प्रेरणा तीच.

आजीचं पुढे असं झालं, की मुलगा होळीला आला तेव्हाच ती हलली. त्याआधी दोनदा मी आणि आशाताई जाऊन आलो, शेजारणीने मुलं बघायची तयारी दाखवली, पण आजीने मान हलवली ती हलवलीच. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला आजही ठरवता येत नाही. एवढ्या महिन्यांत जखम गालातून जबड्याकडे गेली होती. परळला तपासण्या झाल्या, तिच्याशी आणि मुलाशी डॉक्टर सविस्तर बोलले, आणि गोळ्यांवर ठेवायचं ठरलं: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज दोन वेळा सेलेकॉक्सिब. कायमचं बरं करता येणार नाही अशा तोंड-गळ्याच्या कॅन्सरसाठी या दोन जुन्या, स्वस्त गोळ्यांची तुलना टाटाच्याच डॉक्टरांनी सलाइनमधून द्यायच्या सिस्प्लॅटिनशी करून पाहिली होती. २०२० साली निकाल छापून आला: गोळ्यांवरचे पेशंट सरासरी साडेसात महिने जगले, सिस्प्लॅटिनवरचे सहा महिन्यांच्या थोडे वर, आणि गंभीर त्रासही गोळ्यांवाल्यांना कमी. सव्वा-दीड महिन्याचा फरक ऐकून नंदुरबारला एका शिकलेल्या गृहस्थांनी मला विचारलं, एवढ्यासाठी संशोधन? त्यांना मी सांगितलं, की महिना बाजूला ठेवा. दर तीन आठवड्यांनी डोंगर उतरून मुंबई गाठायची आणि सलाइन लावून परत यायचं, की घरी चुलीपाशी बसून गोळी घ्यायची, हे बघा. आजी नातवंडांत होती. मुलगा पुढच्या ऊसतोडीला गेला नाही, सून एकटी गेली. घरातली एक मजुरी बुडाली, ती कुठल्याच फॉर्मवर आलेली नाही.

वर्षाच्या बैठकीत मी तीन बदल मागितले. वयाशेजारी ते कशावरून काढलं, ते लिहायला जागा. खुर्चीसोबत उकिडवं बसून उठण्याची नोंद. आणि आधाराच्या भागात 'तुम्ही कोणाची काळजी घेता' हा प्रश्न. रोजच्या कामांच्या यादीत फोन लावणं, बाजारहाट, पैशाचा हिशेब असतं. तिथे मोहफुलं वेचणं, आमचुरासाठी कैऱ्या सोलून चिरणं, शेळ्या वळवून आणणं घालावं असंही म्हटलं. संख्याशास्त्राच्या सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, प्रश्न बदललेत तर आपले आकडे पुण्याशीही जुळणार नाहीत आणि फ्रान्सशीही. मग आपलं छापेल कोण?" त्यांचं खोटं नव्हतं. प्रत्येक जिल्ह्याने आपली पट्टी कापली तर लांबी कुणालाच कळायची नाही. मॅडम म्हणाल्या, जुनी पट्टी आहे तशीच ठेवू, नवे प्रश्न वेगळ्या पानावर घेऊ, आणि दोन वर्षांनी बघू की उपचार पुरे कोणी केले, अर्धवट कोणी सोडले आणि कुठल्या पानाने ते आधी ओळखलं होतं. सर म्हणाले, मग मुलाखत लांबेल. लांबेल. चालेल, असं मी म्हटलं, माझा प्रवासभत्ता वाढणार नाही हे माहीत असून.

पुढची फेरी होळीनंतर लगेच धरलीय, कारण तेव्हा फडावरची माणसं घरी आलेली असतात आणि निर्णय कोण घेतं ते समोरासमोर कळतं. आशाताईने फक्त एक अट घातली, की सकाळी यायचं नाही. तेव्हा मोह पडत असतो, पहाटेपासून सगळी म्हातारी माणसं झाडाखाली, मुलाखती जेवणानंतरच.